धारेचे पाणी आणि धरणाचे पाणी

मुंबईहून नाशिकच्या महामार्गाने शहापूरच्या मानस मंदिराकडे निघालेल्या कुटुंबांना पडघा आणि वासिंद मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन वेगळी जगे दिसू लागतात. एकीकडे भातखाचरे, सागाची झाडे आणि दूरवर सह्याद्रीची निळसर रांग. दुसरीकडे पत्र्याच्या छपरांचे लहान-मोठे कारखाने. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रातही हेच दृश्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या पत्र्यांखाली चालणाऱ्या लेथ यंत्रांच्या कामाला आणखी एका उष्णतेशी झुंजावे लागते. ती उष्णता सूर्याची नसते; पोलादाने पोलाद कापताना, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ती जन्माला येते.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे, ड्रिल, बेअरिंग विकता विकता स्वतःचा कारखाना उभारण्याची वाट व्यापारी घराण्यांना नवी नाही. समाजाला अभिमान वाटावा असे सर्वांत मोठे उदाहरण सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे. कापूस आणि सावकारीच्या घरात १८८२ साली जन्मलेल्या या पुरुषाने रेल्वेच्या बांधकामापासून जहाजांपर्यंत मजल मारली आणि १९४४ साली मोटारी बनवण्यासाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. दुकानाकडून कारखान्याकडे जाताना एक गोष्ट मात्र बदलते. दुकानात माल पडून राहिला तर व्याज वाढते; कारखान्यात टूलची धार जळाली तर माल, वेळ आणि ग्राहकाचा विश्वास हे तिन्ही एकाच क्षणी बुडतात. म्हणून धार थंड कशी ठेवावी, हा प्रश्न केवळ टर्नरचा नाही. तो गादीवर बसून खतावणी पाहणाऱ्याचाही आहे.

पाणी देणे, पाणी उतरणे

गावचा लोहार कोयता किंवा विळा घडवून झाला की तो तापवून पाण्यात बुडवतो. त्याला आपल्या भाषेत पोलादाला ‘पाणी देणे’ म्हणतात. त्या पाण्यानेच पोलादाला कठीणपणा येतो. ज्याच्या अंगी तेज आहे त्या माणसाला, घोड्याला किंवा तलवारीला आपण ‘पाणीदार’ म्हणतो आणि तेज हरपले की ‘पाणी उतरले’ म्हणतो. या शब्दांमागे धातुशास्त्राचे एक पक्के सत्य आहे. पाणी दिलेले पोलाद पुन्हा तापले तर त्याची कठीणता उतरू लागते आणि मऊ झालेली धार कापण्याऐवजी स्वतःच झिजते.

साधे कार्बन पोलाद २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पाणी सोडू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभरचे लेथ याच मर्यादेत अडकून पडले होते. फ्रेडरिक विन्स्लो टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात टंगस्टनयुक्त पोलादाला विशेष प्रकारे तापवून जे हत्यार सिद्ध केले, त्याची धार लालबुंद होऊनही कापत राही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते पाहून युरोपातील अभियंते चकित झाले. तेच आजचे ‘हायस्पीड स्टील’. ते साधारण ६०० अंशांपर्यंत तग धरते. त्यानंतर १९२० च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइडचे टूल आले. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याचे व्यापारी नाव ‘विडिया’ पडले आणि आपल्याकडील टर्नर आजही कार्बाइडच्या कोणत्याही टिपला सर्रास ‘विडिया’च म्हणतात. ते ९०० अंशांच्या आसपासही कठीण राहते. हत्यारांच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात उष्णतेशी चाललेली ही तडजोड सतत दिसते.

ही उष्णता येते कोठून?

या प्रश्नाचे पहिले स्पष्ट उत्तर एका तोफखान्यात मिळाले. म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफांच्या नळ्या पोखरण्याचे काम पाहणाऱ्या काउंट रम्फर्ड यांनी मुद्दाम एक बोथट हत्यार घेतले, पितळी नळा पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवले. सुमारे अडीच तासांनी पेटीतील पाणी उकळू लागले. खाली विस्तव नाही, सरपण नाही, तरी पाणी उकळले. हा प्रयोग त्यांनी १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. उष्णता हा एखादा द्रव पदार्थ नसून गतीचेच रूप आहे, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

आजच्या लेथवर हीच गोष्ट कितीतरी वेगाने घडते. धातू कापण्यासाठी खर्च होणारी जवळजवळ सर्व शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. धारेपाशी ३ किलोवॉट शक्ती खर्च होत असेल, तर तेवढ्या उष्णतेने तीस अंशांचे एक लिटर पाणी सुमारे शंभर सेकंदांत उकळेल. ही उष्णता तीन ठिकाणी निर्माण होते: धातूचा थर सरकून त्याचा कीस बनतो तेथे, तो कीस टूलच्या माथ्यावरून घासत जातो तेथे आणि टूलची बाजू कापलेल्या पृष्ठभागाला घासते तेथे. सुदैवाने वेगाने कापताना या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा कीस आपल्याबरोबर घेऊन जातो. उरलेली उष्णता टूल आणि कामाचा तुकडा यांच्यात वाटली जाते. टूलच्या वाट्याला येणारा भाग लहान असला तरी तो अत्यंत छोट्या टोकावर एकवटतो आणि म्हणून टोक जळते.

धातूधातूंतही स्वभावाचा फरक आहे. ॲल्युमिनियम उष्णता पटकन दूर वाहून नेते. स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम मात्र ती धरून ठेवतात. वाहून न गेलेली उष्णता धारेपाशीच साठते. त्यामुळे साध्या पोलादावर ज्या वेगाने सुरळीत काम झाले, तोच वेग स्टेनलेसच्या शाफ्टवर ठेवणारा नवखा कारागीर तासाभरात दोन-तीन इन्सर्ट वाया घालवतो.

वेग आणि आयुष्य यांचा हिशेब

टेलर यांनी या विषयावर तब्बल २६ वर्षे प्रयोग केले आणि १९०६ साली ते अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. त्यांच्या नोंदीनुसार या प्रयोगांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड आणि पोलाद किसात गेले. त्यातून निघालेला नियम व्यापाऱ्याला सहज कळेल असा आहे. कापण्याचा वेग थोडा वाढवला की टूलचे आयुष्य त्याच प्रमाणात कमी होत नाही, ते कोसळते. कार्बाइडच्या टूलबाबत सर्वसाधारण पाठ्यपुस्तकी आकडे घेतले तर वेग २० टक्क्यांनी वाढवताच आयुष्य निम्म्याहून खाली येते. हायस्पीड स्टीलच्या बाबतीत ते चौथ्या हिश्श्यापर्यंत घसरते. याचे कारण पुन्हा उष्णताच. वेगाबरोबर तापमान चढते आणि तापमानाबरोबर झीज.

टेलर यांचा दुसरा शोध दिसायला फार साधा होता. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्यांनी टूलच्या टोकाशी, कीस सुटतो नेमक्या त्या ठिकाणी, पाण्याची जाड धार सोडली आणि वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता आला. १८८४ साली तेथे नवी यंत्रशाळा बांधली, तेव्हा प्रत्येक यंत्राला असे पाणी पोचवण्याची आणि ते परत टाकीत आणण्याची सोय केली. लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात सोडा घातला. आजच्या कारखान्यातील टाकी, पंप, नळी आणि गाळणी या साऱ्या व्यवस्थेचा आराखडा त्यात दिसतो.

मात्र पाणी ओतले की काम झाले, असे नाही. अनेक लहान कारखान्यांत प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, मनात येईल तेव्हा कूलंटची पिचकारी मारण्याची सवय आहे. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला ती चालून जाते. कार्बाइडला ती घातक ठरते. तापलेल्या कार्बाइडवर अचानक थंड पाणी पडले की तो आकुंचन पावतो, पुन्हा तापतो, पुन्हा आकुंचतो आणि त्याच्या धारेवर कंगव्याच्या दातांसारख्या सूक्ष्म भेगा पडतात. मिलिंगमध्ये तर प्रत्येक फेऱ्यात धार धातूत शिरते व बाहेर येते, त्यामुळे हा धोका अधिक असतो. म्हणून कार्बाइडसाठी नियम असा: कूलंट द्यायचा तर अखंड आणि भरपूर द्यावा, नाहीतर मुळीच देऊ नये. थेंबथेंब दिलेले पाणी न दिलेल्या पाण्याहून अधिक नुकसान करते.

बिडाचे काम तर बहुतेक ठिकाणी कोरडेच करतात. बिडात ग्राफाइट असते आणि ते स्वतःच वंगणाचे काम करते. वर पाणी टाकले तर बिडाच्या भुकटीचा चिखल होऊन यंत्राच्या सरकपट्ट्यांत शिरतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत पाणी थेट आगीला निमंत्रण देते. कोठे द्यावे आणि कोठे देऊ नये, हा विवेक येथेही लागतोच.

कीस बोलतो, मापही बोलते

तापमान मोजण्याची महागडी उपकरणे लहान कारखान्यात नसतात, पण जुन्या टर्नरजवळ एक बिनखर्ची मोजपट्टी असते: किसाचा रंग. पोलाद तापले की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. सुमारे २२० अंशांना तो फिकट पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा दिसतो. हायस्पीड स्टीलने काम चालू असताना निळा कीस पडू लागला तर वेग कमी करण्याची वेळ आली, असे समजावे. कार्बाइडने काम चालू असेल तर मात्र निळ्या किसाने घाबरण्याचे कारण नाही. उष्णता किसाबरोबर बाहेर जात आहे, हेच तो सांगतो. एकाच रंगाचा अर्थ टूल बदलताच बदलतो.

दुसरी साक्ष मापाची. पोलादाची एक मीटर लांबी प्रत्येक अंशामागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉनने वाढते. १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट लेथवर भोवतालच्या हवेहून ३० अंश अधिक तापला असेल तर त्याचा व्यास सुमारे ३५ मायक्रॉनने फुगलेला असतो. बेअरिंग बसवण्याच्या अशा शाफ्टला अनेकदा एकूण २२ मायक्रॉनचीच मोकळीक असते. म्हणजे गरम असताना अचूक भरलेला शाफ्ट थंड झाल्यावर नापास होतो. संध्याकाळी ‘ओके’ म्हणून बाजूला ठेवलेला माल सकाळी ग्राहकाच्या तपासनीसाने परत पाठवला, तर दोष पुष्कळदा कारागिराच्या हाताचा नसून घाईचा असतो. जगभर मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते. मुरबाडच्या मे महिन्यात ते मिळणे अवघड, पण तुकडा आणि मोजण्याचे साधन दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच तापमानाला येईपर्यंत थांबणे कोणालाही शक्य आहे. अखंड कूलंटचा एक मोठा लाभ हाच की तो कामाचा तुकडाही स्थिर तापमानाला ठेवतो.

दुधाळ पाण्याची निगा

कारखान्यात दिसणारे ते पांढरे, दुधाळ पाणी म्हणजे तेल आणि पाणी यांचे मिश्रण. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पाणी उष्णता शोषते; तेल वंगण देते व गंज रोखते. सर्वसाधारण टर्निंगसाठी ५ ते ८ टक्के तेल पुरते. मिश्रण करताना पाण्यात तेल सोडावे, तेलात पाणी नव्हे. क्रम उलटला तर मिश्रण नीट बसत नाही आणि तेल वेगळे तरंगते. कूपनलिकेचे जड पाणी वापरले तरी हीच गत होते.

उन्हाळ्यात टाकीतील पाणी उडून जाते, तेल मागे राहते. म्हणून नुसते ‘कमी झाले, भरा’ एवढ्यावर चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटर नावाचे हातात मावणारे साधन एक थेंब घेऊन तेलाचे प्रमाण सांगते. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्याही मिळतात. चांगल्या कूलंटचा पीएच साधारण ८.५ ते ९.५ असतो. तो खाली उतरू लागला की टाकीत जिवाणू वाढत आहेत, असे समजावे. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी सकाळी शेड उघडताच सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो यामुळेच. यंत्राच्या सरकपट्ट्यांतून गळलेले वंगणतेल टाकीवर साय धरते, खाली हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू गंधकाचा वायू सोडू लागतात. उपाय साधे आहेत: वरची साय रोज काढणे, कीस टाकीत साचू न देणे आणि सुटीच्या दिवशीही पाणी थोडा वेळ फिरते ठेवणे.

हे साधे उपाय हिशेबात किती मोठे ठरतात ते पाहावे. उदाहरणादाखल, २०० लिटरची टाकी दर दोन महिन्यांनी नासली तर एका यंत्राचे वर्षाला १२०० लिटर दूषित पाणी होते. निगा राखून तीच टाकी सहा महिने टिकली तर ४०० लिटर. दहा यंत्रांच्या कारखान्यात हा फरक ८००० लिटरचा होतो. जर्मनीतील १९९० च्या दशकातील अभ्यासांत असे दिसले की कूलंटची खरेदी, देखभाल आणि विल्हेवाट यांवर यंत्रकामाच्या एकूण खर्चापैकी ७ ते १७ टक्के रक्कम जाते, तर टूलवर जेमतेम २ ते ४ टक्के. टूलच्या किमतीवर घासाघीस करणारा मालक कूलंटकडे दुर्लक्ष करीत असेल, तर तो दिडकी वाचवून रुपया घालवीत आहे.

तेलात काय आहे?

जैन कुटुंबांनी या विषयाची आणखी एक बाजू जाणून घेणे आवश्यक आहे. खनिज तेले स्वस्त होण्यापूर्वी पाश्चात्त्य कारखान्यांत उत्तम कटिंग ऑईल म्हणून डुकराच्या चरबीचे तेल वापरले जाई. देवमाशाच्या तेलालाही वंगणात मोठे स्थान होते. चरबीचे रेणू तापलेल्या धातूला घट्ट चिकटतात, म्हणून वंगण उत्तम होते. आजही काही कटिंग ऑईलमध्ये ‘फॅटी’ या नावाने ओळखले जाणारे घटक असतात. ते वनस्पतींपासूनही मिळतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. डब्यावरील नावावरून त्यांचे मूळ कळत नाही. ज्या घराच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पाकिटामागचा हिरवा ठिपका तपासला जातो, त्या घराच्या कारखान्यात येणाऱ्या पिंपाचीही अशीच विचारपूस व्हावी. सुरक्षा माहितीपत्रक मागावे आणि चरबीजन्य घटक वनस्पतिज आहेत किंवा नाहीत, याचे लेखी उत्तर पुरवठादाराकडून घ्यावे. स्वतः तेल विकणाऱ्या व्यापाऱ्याने तर उत्पादकाकडून ते आधीच घेऊन ठेवावे.

वनस्पती तेलांचा मार्ग खुला होत आहे, ही समाधानाची गोष्ट. तमिळनाडूतील वेल्लोर येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्टेनलेस स्टील कापताना खोबरेल तेलाने टूलची झीज आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा दोन्ही कमी केले. ठाणे जिल्ह्याच्या ओढ्याकाठी सहज वाढणाऱ्या करंजाच्या तेलावरही देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत काम झाले आहे. या तेलांचे दोषही लपवू नयेत: ती हवेने लवकर खवट होतात, तापून चिकट थर धरतात आणि त्यांना स्थिर ठेवण्यासाठी रासायनिक संस्कार करावे लागतात. घरातील खोबरेल सरळ यंत्राच्या टाकीत ओतणे हा उपाय नव्हे.

कारागिराचे हात आणि श्वास

आठ तास कूलंटने भिजलेले हात, तेलाने माखलेल्या कपड्याला पुसलेले, संध्याकाळी डिझेलने धुतलेले. हे दृश्य पुष्कळांनी पाहिले आहे. त्यातून खाज, पुरळ, त्वचेला भेगा असे विकार होतात. अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले कर्करोगाला कारण होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले सत्य आहे. म्हणून अतिशुद्ध तेलच घ्यावे. शेडमध्ये तरंगणारे तेलाचे धुके फुप्फुसात जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली अशा धुक्यासाठी श्वसनमार्गात खोलवर जाणाऱ्या कणांची मर्यादा दर घनमीटर हवेत ०.४ मिलिग्रॅम सुचवली. काही तेलांत वापरली जाणारी लघुशृंखला क्लोरिनयुक्त पॅराफिने २०१७ साली स्टॉकहोम करारातील निषिद्ध रसायनांच्या यादीत गेली. यंत्राला पारदर्शक झाकण, हवा ओढणारा पंखा, स्वच्छ पुसणी, साबण आणि हात धुण्याची जागा यांचा खर्च मोठा नाही. त्या यंत्रावर उभा असलेला तरुण बहुधा शेजारच्या गावचा, शेतकऱ्याच्या किंवा आदिवासी घरचा असतो. त्याची फुप्फुसे हे त्याचे एकमेव भांडवल असते.

थेंबाचा हिशेब

पाण्याचा लोट सोडण्याऐवजी तेलाचा अत्यल्प अंश हवेच्या झोतातून नेमका धारेवर सोडण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. तिच्यात तासाला साधारण १० ते १०० मिलिलिटर तेल लागते. ताशी ५० मिलिलिटर धरले तर आठ तासांच्या पाळीत ४०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी. तेल कामातच संपते. टाकी नाही, सोमवारचा वास नाही, फेकण्याचे पाणी नाही. कीस जवळजवळ कोरडा पडतो, त्यामुळे भंगारवाला वजनातून पाणी-तेल कापत नाही. वनस्पती तेले या पद्धतीला विशेष साजतात, कारण ती टाकीत महिनोन्‌महिने साठून खवट होत नाहीत.

अर्थात ही पद्धत सर्वत्र चालत नाही. खोल छिद्रे पाडताना कीस बाहेर ढकलायला द्रवाचा जोर लागतो. तेथे टूलच्या पोटातूनच कूलंट सोडतात, काही यंत्रांत ७० बारच्या दाबाने. टायटॅनियमसारख्या हट्टी धातूंसाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजनही वापरला जातो. साध्या पोलादाच्या, ॲल्युमिनियमच्या आणि पितळेच्या रोजच्या कामात मात्र थेंबाची पद्धत एका यंत्रावर आजमावून पाहण्यासारखी आहे. महिनाभर टूल, तेल आणि नापास माल यांची वेगळी नोंद ठेवली की निर्णय खतावणीच देईल.

धरणांच्या छायेत

शहापूर तालुक्याला पाण्याचे माहेर म्हणावे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव, वैतरणेवरची धरणे आणि भातसा यांच्यामुळे मुंबईच्या नळांना पाणी येते. एकट्या भातसा धरणातून मुंबईला जवळजवळ निम्मे पाणी मिळते. ते पाणी नदीपात्रातून वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उचलले जाते. मुरबाडच्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातील शहरांना पाणी पुरवते. काळू आणि भातसा यांचे पाणी पुढे उल्हास नदीत जाते. आणि याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हंडे घेऊन बायका कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात.

अशा ठिकाणी शेडमागच्या ओढ्यात एक टाकी रिकामी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नासलेल्या कूलंटमध्ये तेलाबरोबर धातूचे सूक्ष्म कण आणि जंतुनाशके असतात; तेलाचा पातळ पापुद्रा पाण्यातील प्राणवायू रोखतो आणि माशांपासून बेडकांच्या पिल्लांपर्यंत साऱ्यांचा श्वास कोंडतो. कायद्यानेही याला परवानगी नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल आणि तेलयुक्त अवशेष यांचा स्पष्ट समावेश आहे. तो कचरा बंद पिंपांत, पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवावा. साधारणतः ९० दिवसांहून अधिक काळ तो साठवता येत नाही. वेगळे झालेले तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे आणि उरलेला कचरा तळोज्यासारख्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, कागदपत्रांसह पाठवावा. एकेका लहान कारखान्याला हे जड जात असेल, तर शेजारच्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून एक गाडी ठरवावी. व्यापारात एकत्र माल मागवणाऱ्यांना एकत्र कचरा पाठवणे अवघड नाही.

श्रावकाचारात ज्या पंधरा कर्मादानांपासून दूर राहण्यास सांगितले आहे, त्यांत तळी-सरोवरे शोषून घेणाऱ्या व्यवसायाचाही समावेश आहे. गृहस्थाचा व्यवसाय पूर्णपणे हिंसारहित होणे कठीण, हे आचार्यांनीही जाणले होते. म्हणून त्यांनी अनर्थदंडाचा, म्हणजे काहीही प्रयोजन नसताना होणाऱ्या हिंसेचा, वेगळा विचार केला. पोलाद कापताना काही उष्णता, काही पाणी, काही तेल लागणारच. परंतु पीएचची पट्टी न बुडवल्यामुळे नासलेली टाकी, साय न काढल्यामुळे वाढलेले असंख्य जीव आणि मग ते सारे एका जंतुनाशकाने मारून ओढ्यात सोडणे, यात कोणाचेच प्रयोजन साधत नाही. पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरात आजीपासून नातवापर्यंत आला, त्या घराच्या कारखान्यातील टाकीलाही एक चांगली गाळणी असावी.

सोमवारी सकाळी शेड उघडल्यावर मालकाने यंत्र सुरू होण्याआधी तीन गोष्टी कराव्यात: टाकीचा वास घ्यावा, पट्टी बुडवून रंग पाहावा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवून आकडा वहीत लिहावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या वहीत वर्षभराचे आकडे जमले की धारेचे पाणी टिकलेले दिसेल आणि शेडमागच्या ओढ्याचेही.